थेम्सचा तट

आपल्या भाषेत 'तट' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. नदीचा काठ तो तट, आणि किल्ल्याभोवतीची भिंत तीही तट. लंडन शहरात थेम्सच्या काठी उभे राहिले म्हणजे हे दोन्ही अर्थ एकाच दगडी बांधकामात एकवटलेले दिसतात. तेथील काठ निसर्गाने दिलेला नाही, तो माणसांनी बांधलेला आहे. आणि ज्या शत्रूसाठी तो बांधला तो दिवसातून दोनदा चाल करून येतो व दोनदा माघारी जातो. समुद्र शहरापासून कित्येक कोस दूर असला तरी लंडन पुलाजवळ भरती-ओहोटीतील फरक उधाणाच्या दिवशी सुमारे ७ मीटर, म्हणजे दोन मजली घराइतका पडतो, ही गोष्ट थेम्सचे केवळ चित्र पाहिलेल्या वाचकांस सहसा ठाऊक नसते.

सन २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब लंडनास गेलो होतो. व्हिक्टोरिया एम्बँकमेंट या नावाने प्रसिद्ध असलेल्या रस्त्याने एके दिवशी फिरत असता काठाचा एक मोठा भाग फळ्यांचे कुंपण घालून अडविलेला दिसला. आत नदीच्या पात्रातच भर घालून जागा केलेली, तीवर अवजड याऱ्या उभ्या, आणि शेजारी सर जोसेफ बॅझलजेट यांनी बांधलेली दीडशे वर्षांची ती घडीव दगडांची भिंत. भिंतीच्या माथ्यावर ठिकठिकाणी लहान चकाकणारी भिंगे बसविली होती. चौकशी करता कळले की, दूर ठेवलेले एक यंत्र त्या भिंगांकडे रात्रंदिवस पाहत असते, आणि भिंत केसभर जरी हलली तरी तशी वर्दी देते. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "इतकी जाड भिंत, तिला एवढे जपायचे ते कशाला?" त्या वेळी आम्हांस नीटसे उत्तर देता आले नाही. परत आल्यावर या भिंतीचा इतिहास आम्ही चाळू लागलो, आणि ते उत्तर बरेच लांबत गेले. प्रस्तुत लेख म्हणजे ते लांबलेले उत्तर होय.

प्रथम भिंतीच्या स्वभावाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. नदीकाठच्या भिंतीस भरतीच्या वेळी धोका असतो असा आपला समज असतो, आणि पाणी भिंतीच्या माथ्यावरून उसळू लागले तर तो खराही ठरतो. परंतु भिंत स्वतः ढासळण्याचा संभव पुष्कळदा ओहोटीच्या वेळी अधिक असतो. भरतीचे पाणी नदीच्या बाजूने भिंतीस रेटीत असते आणि पाठीमागची माती तिला उलट बाजूने रेटीत असते; दोघांच्या ओढाताणीत भिंत स्वस्थ उभी राहते. ओहोटी लागली की पुढचा रेटा नाहीसा होतो. पाठीमागची माती मात्र पाण्याने फुगलेली, जड झालेली तशीच असते, आणि ते पाणी निघून जाण्यास वेळ लागतो. अशा वेळी भिंत नदीकडे कलू पाहते. म्हणूनच अशा भिंतींतून पाणी पाझरून जाण्यासाठी भोके ठेवावी लागतात व ती बुजली नाहीत ना, हे वरचेवर पाहावे लागते. त्यातच शेजारी नवे बांधकाम निघाले म्हणजे पाठीमागच्या मातीवर विटा, लोखंड व याऱ्या यांचा भार पडतो. खांब ठोकताना जमीन थरथरते. पायाशेजारी खणले तर भिंतीचा पायाचा आधार सुटतो. जुन्या भिंतीस यांपैकी एकेक गोष्ट सोसते. तिन्ही एकदम आल्या तर ती सोसतीलच असे कोणाही इंजिनियरास छातीठोकपणे सांगता यावयाचे नाही. मग भिंतीतून पोलादी सळया आरपार घालून त्या मागे दूरवर पुरलेल्या ठोकळ्यास जखडतात, किंवा पुढच्या बाजूस पोलादी पत्र्यांची सलग रांग ठोकून पायास कवच करतात, किंवा पोकळ जागी पातळ सिमेंट दाबाने भरतात. उपाय असे अनेक आहेत. प्रश्न सदैव हाच असतो की ते कोणी करावयाचे, आणि केव्हा.

या प्रश्नाचे वय फार मोठे आहे. रोमन लोकांनी लंडन वसविले, आणि पुढे त्यांच्या सत्तेच्या उतरत्या काळात शहराच्या नदीकडील बाजूस तट बांधला. त्याचा एक मोठा भाग ब्लॅकफ्रायर्सच्या बाजूस १९७४ ते १९७६ या वर्षांत उत्खननात सापडला. पायाशी ओकच्या मेढी ठोकलेल्या. आणि काही ठिकाणी भिंतीत जे चिरे बसविलेले होते ते पाहून संशोधक थक्क झाले, कारण ते एका जुन्या भव्य कमानीचे व देवदेवतांच्या मूर्ती कोरलेल्या पडद्याचे तुकडे निघाले. गरज पडली तेव्हा देवांनाही गवंड्याच्या हाताखाली जावे लागले! इतके करूनही तो तट टिकला नाही. बाराव्या शतकात लंडनचे वर्णन लिहिणारा विल्यम फिट्झस्टीफन सांगतो की, दक्षिणेकडेही पूर्वी तटबंदी होती, पण थेम्सने ती भरती-ओहोटीच्या येरझारांनी पोखरून पाडली. शत्रूच्या सैन्याने जमिनीकडचा तट पाडल्याच्या कथा इतिहासात पुष्कळ आढळतात. नदीने शांतपणे, कोणाचेही लक्ष न वेधता, आपल्याकडचा तट पाडला, त्याची हकीकत मात्र एका वाक्यात आटोपते.

मध्ययुगात शहराखालच्या दलदलीच्या प्रदेशात शेतकऱ्यांनी व मठांनी मातीचे बांध घालून जमीन मिळविली. ज्याची जमीन त्याचा बांध, असा साधा नियम होता. १५३१ साली आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत कायदा होऊन बांधांवर देखरेख करणाऱ्या मंडळांस कायमचे स्वरूप आले, व ज्यांच्या जमिनीस बांधाचा लाभ होतो त्यांच्यावर कर बसविण्याचा अधिकार त्यांस मिळाला. व्यवस्था कागदावर उत्तम होती. ती कोठे लंगडी पडत होती हे पुढे डॅगनम येथे दिसून आले. १७०७ च्या डिसेंबरात मोठ्या वादळात तेथील बांधास खिंडार पडले. आरंभी ते लहान होते आणि ताबडतोब हात घातला असता तर थोडक्या खर्चात बुजले असते. पण भरती दिवसातून दोनदा येते. प्रत्येक भरती कडा कापून नेते, आणि प्रत्येक ओहोटी कापलेली माती बाहेर ओढते. मालक लोक खर्च कोणी किती सोसावा याची वाटाघाट करीत राहिले, आणि खिंडार शेकडो फुटांचे झाले. सुमारे हजार एकर जमीन पाण्याखाली गेली, व वाहून आलेल्या मातीमुळे जहाजांच्या वाटेत उथळा तयार झाला. तेव्हा कोठे पार्लमेंटास जाग आली, आणि हे सर्व राष्ट्राचे दुखणे ठरले.

शेवटी १७१६ च्या सुमारास जॉन पेरी नावाच्या इंजिनियराने हे काम अंगावर घेतले. पेरी हा रशियात पीटर बादशहाच्या चाकरीत राहून आलेला, मानी व काहीसा भांडखोर गृहस्थ. त्याने प्रथम पाण्यास दुसरीकडून वाट करून दिली, जेणेकरून खिंडारावरील जोर कमी व्हावा. मग सुतार जसे खाचेत खाच बसवितात तशा एकमेकींत गुंतणाऱ्या लाकडी मेढींची रांग ठोकली आणि दोन्ही अंगांनी चिकणमाती ठासली. काम मध्ये मध्ये वाहूनही गेले, तरी त्याने चिकाटी सोडली नाही. खिंडार बंद झाले. पण पंचवीस हजार पौंडांच्या मक्त्यावर त्याचा खर्च चाळीस हजारांवर गेला. पार्लमेंटाने त्यास पंधरा हजार देऊ केले, व तो बिचारा कीर्ती पदरी घेऊन जवळपास रिकाम्या हाताने घरी गेला. आम्ही या पेरीच्या हकीकतीवर थोडे रेंगाळलो याचे कारण असे की, पहिल्याच भरतीस जे काम थोडक्यात भागले असते ते दहा वर्षांनी चाळीस हजारांस पडले, हा हिशेब लंडनच्या भिंतीच्या इतिहासात पुढेही पुन्हा मांडावा लागला, आणि त्या वेळी त्यात पौंडांखेरीज दुसऱ्याही रकमा होत्या.

बॅझलजेट यांची कथा पुष्कळांनी सांगितली असल्याने आम्ही ती थोडक्यात आटोपतो. पटकीच्या साथींनी लंडन हैराण झाले होते; १८५८ च्या उन्हाळ्यात मैलापाण्याने भरलेल्या नदीला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटच्या सभासदांना सभागृहात बसवेना, आणि इतकी वर्षे चाललेली चर्चा काही आठवड्यांत निर्णयास आली. लोकांच्या नाकास वर्षानुवर्षे जे कळत होते ते सभासदांच्या नाकास कळताच कायदा झाला, यात आश्चर्य ते कसले? नदीस समांतर मोठी गटारे बांधून मैला शहराच्या पूर्वेस न्यावयाचा, अशी योजना ठरली. आणि त्यांपैकी एक गटार नदीकाठाने नेण्यासाठी पात्रातच नवा काठ निर्माण करण्यात आला. व्हिक्टोरिया एम्बँकमेंटचे काम १८६४ ते १८७० पर्यंत चालले. मेढींच्या दुहेरी रांगा ठोकून मध्ये चिकणमाती भरावयाची, व अशा पाणीबंद आवारात भिंत उचलावयाची, अशी रीत होती. काही भागात लोखंडी पेट्याही वापरल्या. पोर्टलंड सिमेंट त्या काळी नवे होते. ते तपासून घेतल्याखेरीज वापरावयाचे नाही, असा बॅझलजेट यांचा कटाक्ष असे. ३७ एकर जमीन नदीपासून मिळाली, तिच्या पोटात गटार व आगगाडी आणि पाठीवर रस्ता व बागा आल्या. नॉर्थंबरलंड अॅव्हेन्यूच्या टोकाशी त्याच भिंतीत या थोर पुरुषाचे स्मारक १९०१ पासून आहे, आणि त्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ असा की, याने नदीस बेड्या घातल्या. बॅझलजेट यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे, पण त्या वचनाशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. नदी अरुंद केली म्हणजे तिचे पाणी कमी होत नाही. ते वर चढते. बेड्या घातलेला कैदी उंच होऊ लागला तर बेड्याही वाढवीत राहाव्या लागतात.

आणि झालेही तसेच. सत्तरांच्या दशकात पुन्हा पूर आले, विशेषतः दक्षिण तीरावरील लँबेथच्या गरीब वस्तीत. सरकारी भिंत भक्कम होती. पण नदीचा उरलेला काठ वखारवाले, गोदीवाले व कारखानदार यांच्या मालकीचा होता, आणि ज्याचा त्याचा काठ ज्याच्या त्याच्या उंचीचा होता. १८७९ साली कायदा झाला की, भिंतीची उंची नगरमंडळाने ठरवावी आणि ज्याची जागा त्याने आपल्या खर्चाने ती तेवढी राखावी. वखारवाल्याने भिंत उंच केली तर लाभ त्याच्या मागल्या गल्लीत राहणाऱ्या हमालास. नाही केली तर बुडणारही बहुधा तोच हमाल. त्या हमालाला या व्यवहारात बोलण्याची जागा नव्हती. जुना मध्ययुगीन नियम नव्या शहरास लावल्याने हा पेच उत्पन्न झाला. शेतात बांधाचा मालक आणि बांधामागचा रहिवासी एकच होता, शहरात ते दोघे निराळे झाले.

हे निराळेपण ६ जानेवारी १९२८ च्या रात्री उघडे पडले. नाताळात पुष्कळ बर्फ पडले होते. ते एकाएकी वितळले, त्यात मोठा पाऊस, त्यामुळे वरून नदी भरून आली. खालून उत्तर समुद्रातील वादळाने पाण्याचा फुगवटा भरतीबरोबर मुखात रेटला. शिवाय मोठ्या जहाजांसाठी बंदराच्या मंडळाने मागील वीस वर्षांत पात्र खोल केले होते, त्यामुळे भरतीस शहरापर्यंत येण्याची वाट अधिक मोकळी झाली होती. मध्यरात्रीनंतर पाणी तोवरच्या सर्व नोंदींच्या वर चढले. टॉवरच्या किल्ल्याचा खंदक, जो एकोणिसाव्या शतकात कोरडा केला होता, तो पुन्हा भरला. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये पाणी शिरले. आणि मिलबँक येथे टेट कलादालनासमोर भिंतीचा सुमारे ८० फुटांचा तुकडा कोसळला.

त्या भागात भिंतीच्या मागे लगतच्या गल्ल्यांत गरीब कुटुंबे तळघरांतून राहत असत. तळघर म्हणजे रस्त्याच्या पातळीखालची एक-दोन खोल्यांची जागा. भाडे कमी, म्हणून ती. रात्री दीडच्या सुमारास, सर्व झोपेत असताना, पाणी रस्त्यावरून आत कोसळले. दार बाहेरून पाण्याने दाबले गेले म्हणजे आतून उघडत नाही. त्या रात्री लंडनमध्ये १४ माणसे बुडून मेली; त्यांत एकाच घरातील चार बहिणी होत्या. सुमारे चार हजार लोक बेघर झाले. कलादालनाच्या तळघरातील चित्रांचे काय झाले, टर्नरची किती रेखाटने भिजली, याची वर्णने पुष्कळ आढळतात, आणि ती चित्रे वाचविण्यासाठी झालेले कष्ट खरोखरच वाखाणण्याजोगे होते. परंतु चित्रांची यादी तयार असते. तळघरांत कोण कोण झोपले होते याची यादी सकाळी करावी लागली. पाणी वाढत आहे हे नदीकाठच्या अनेकांस त्या रात्री दिसत होते. ते घरोघर कळविणे अमक्याचे काम आहे, असे मात्र ठरलेले नव्हते.

या दुर्घटनेनंतर भिंतीची उंची नव्याने ठरविण्यात आली. त्या गल्ल्यांपैकी काही भाग पाडून पेज स्ट्रीटवर नव्या चाळी उठल्या. त्यांचे शिल्पकार होते नव्या दिल्लीचे एडविन लटयेन्स. पांढऱ्या व करड्या चौकटींच्या त्या बुद्धिबळाच्या पटासारख्या इमारती आजही उभ्या आहेत. साम्राज्याची राजधानी उभारणारा हात तळघरातून सुटलेल्या लोकांची घरे रेखू लागला, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही कमानीहून अधिक स्मरणीय वाटते.

पुढे दुसरे महायुद्ध आले. भरतीच्या वेळी एखादा बाँब भिंतीवर नेमका पडला तर सखल भागांत व भुयारी आगगाडीच्या मार्गांत पाणी शिरून हाहाकार उडेल, हे लंडन कौंटी कौन्सिलचे मुख्य इंजिनियर सर थॉमस पिअर्सन फ्रँक यांनी आधीच ओळखले. त्यांनी काठाने चार ठाणी उघडून तेथे माणसे व सामान सज्ज ठेवले. नाजूक जागी मूळ भिंतीच्या मागे दुसरी भिंत अगोदरच घातली. युद्धाच्या काळात भिंतीस अनेक वेळा तडाखे बसले, आणि दर वेळी पुढल्या भरतीच्या आत भोक बुजविण्याची धडपड झाली. शत्रूस सुगावा लागू नये म्हणून हे सारे गुप्त ठेवण्यात आले होते, व ते इतके गुप्त राहिले की युद्ध संपल्यावरही कोणाला त्याची आठवण राहिली नाही. अलीकडे ओहोटीच्या वेळी पात्रात उतरून भिंतीवरील डागडुजीच्या खुणा वाचणाऱ्या पुराणवस्तुसंशोधकांनी ही हकीकत उजेडात आणली. पेरीस खिंडार बुजविण्यास वर्षे मिळाली होती. फ्रँक यांच्या माणसांस दोन भरतींमधले काही तास.

१९५३ च्या जानेवारीअखेरच्या वादळात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसे मेली. मध्य लंडन थोडक्यात बचावले. भिंती सतत उंच करीत गेल्यास शहरास नदी दिसेनाशी होईल, हे तेव्हा पटले, आणि पुष्कळ वर्षांच्या घोळानंतर वुलिचजवळ नदीवर दरवाजे बसविण्यात आले. १९८२ पासून ते कामास आले. त्यामुळे भिंतीचे महत्त्व संपले असे मात्र कोणी समजू नये. दरवाजे क्वचित बंद होतात. भिंत रोज दोनदा पाण्याला उत्तर देते.

आम्ही २०१९ साली जे काम पाहिले ते टेम्स टाइडवे या नव्या बोगद्याचे होते. बॅझलजेट यांची गटारे मोठा पाऊस पडला की तुडुंब भरत व मैला नदीत सोडीत. तो अडविण्यासाठी नदीखालून २५ किलोमीटर लांब व ७.२ मीटर व्यासाचा बोगदा खोदण्यात आला. २०१६ साली आरंभिलेले हे काम होऊन फेब्रुवारी २०२५ मध्ये तो गटारांशी पुरता जोडला गेला. काठावरच्या गटारांना गाठण्यासाठी जुन्या भिंतीच्या अगदी अंगाशी पात्रात आवारे घालावी लागली, विहिरी खणाव्या लागल्या, आणि जेथे जोड द्यावयाचा तेथे खुद्द भिंतही फोडावी लागली. मात्र भिंत फोडावयाची तर तिच्या पुढे तितकीच उंच दुसरी भिंत आधी उभी पाहिजे. मध्यंतरी एका भरतीपुरतीही शहरास उघडे ठेवता यावयाचे नाही.

नवे पुरे होईपर्यंत जुन्याने तग धरला पाहिजे, हे तत्त्व आम्हां पुणेकरांस शिकवावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले आणि ते पाणी खाली जुन्या खडकवासल्याच्या माथी आले. तेही टिकले नाही, आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. आमचा जन्म त्यानंतरचा. पण आमच्या घरातील वडील माणसे भिंतीवर हात ठेवून पाणी कोठवर चढले होते हे दाखवीत असत, आणि तो हात आमच्या डोक्याच्या बराच वर असे.

लंडनच्या काठावरील मालकाने आपली भिंत आपणच राखावयाची, हा नियम आजही चालू आहे. सरकारी खाते पाहणी करते व तगादा लावते. समुद्राची पातळी वाढत असल्याने दरवाज्यांच्या वरच्या बाजूच्या भिंती २०६५ पर्यंत उंच कराव्यात असे पूर्वी ठरले होते. २०२३ साली ती मुदत २०५० वर आणण्यात आली. काठावर जेथे जेथे आज नवी निवासस्थाने उठत आहेत तेथे जुनी भिंत बळकट करण्याचा खर्च बांधणाऱ्याच्या अंगावर पडतो, आणि त्याच्या वाटाघाटीही चालतात. मजल्यांची किंमत नदीच्या देखाव्यावर ठरत असल्याने भिंत उंच करणे तेथे कोणास फारसे आवडत नाही, असे आम्ही ऐकतो.

परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पार्लमेंटशेजारच्या व्हिक्टोरिया टॉवर बागेत गेलो होतो. पिअर्सन फ्रँक यांच्या नावाची एक पाटी २०१४ सालापासून तेथील भिंतीवर आहे. ओहोटी लागली होती. भिंतीच्या चिऱ्यांवर पाण्याची हिरवी रेघ आमच्या पायांखाली बरीच खाली गेली होती, आणि दगडांमधल्या भोकांतून पाठीमागच्या जमिनीतले पाणी बारीक धारेने नदीत गळत होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "भिंत गळते आहे की!" आम्ही म्हटले, गळते आहे तोवर ठीक आहे.